झाडीतली साइट निवडताना

दोन लहान मुलं आणि २८ फुटी आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन झाडीतल्या कॅम्पग्राउंडवर जायचं, तर साइट, म्हणजे गाडी लावून मुक्काम करायची जागा, कशी निवडावी, असा प्रश्न आहे. गाडी साइटवर मावेल का, म्हणजे लांबीबद्दल, इतरांनी बरंच लिहिलंय. माझ्या मते झाडीत खरा प्रश्न उंचीचा असतो. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. पहिल्याच ट्रिपला मागे घेताना एक फांदी एसीच्या झाकणावर करकरत घासत गेली, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून गाडी वळवण्याआधी आमच्यापैकी एक जण खाली उतरतो आणि आधी वर बघतो, मग मागे. स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आणि ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) उघडायच्या बाजूला बुंधा नाही ना, तेही तेव्हाच पाहून घ्या.

सोलरवर भिस्त ठेवू नका. पॅनेलच्या थोड्याशा भागावर सावली पडली तरी वीज खूप घटते. हुकअपची, म्हणजे गाडीला बाहेरून वीज जोडता येणारी, साइट घ्या. पण ३० अँपियर, १२० व्होल्टची जोडणी म्हणजे जेमतेम ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावले की ब्रेकर पडलाच.

आणि कृपया घरून जळाऊ लाकूड नेऊ नका! त्यातून झाडं पोखरणारे किडे नव्या जंगलात पोचतात. अमेरिकेत ॲशची कोट्यवधी झाडं अशाच एका किड्याने मारलीत. लाकूड तिथेच विकत घ्या.

मुलांसाठी टॉयलेटजवळची साइट बरी, पण अगदी दाराशी नको. रात्रभर दिवा डोळ्यांवर येतो.