जुना ट्रॅक्टर: लिफ्ट खाली बसते, दोष सीलचा की पंपाचा?
मंडळी, मोहोळ तालुक्यात काळ्या रानासाठी 45 एचपीचा जुना ट्रॅक्टर, सोबत 6 फुटी रोटाव्हेटर बघितलाय. आरसीवर कर्जाचा बोजा नाही, थंड इंजिन लगेच सुरू झालं, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर नाही. अडचण हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टची. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं की पाचेक मिनिटांत जमिनीला टेकतो. इंजिन चालू असताना वर राहतो, पण सारखे झटके देतो. तेलाची पातळी बरोबर, बाहेर गळती नाही. मालक म्हणतो, नुसती ओ-रिंग (सिलिंडरमधली रबरी सील) बदला. मला पटत नाही, कारण तेल तापल्यावर उचलही मंदावते. तो लिफ्ट खोलू देत नाही. मग न खोलता, रानातच, दोष सिलिंडरच्या सीलचा, कंट्रोल व्हॉल्व्हचा की पंपाचा हे कसं ओळखायचं?