परदेश पाहिल्यानंतर वर्गात काय बदलले? सातारा-सांगलीच्या शिक्षकांचे अनुभव

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील बरेच शिक्षक हल्ली अभ्यासदौऱ्यावर, शिष्यवृत्तीवर किंवा मुलांकडे म्हणून परदेशी जाऊन येतात. प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचतो. येथे मात्र परत आल्यावर आपल्या शिकवण्यात नेमके काय बदलले आणि काय बदलता आले नाही, एवढेच लिहावे, ही विनंती.

गणित शिक्षिका, कराड

जपानमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटला तो तेथील ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा सामूहिक अभ्यास. काही शिक्षक मिळून एका पाठाचे टाचण तयार करतात, त्यांतील एक जण तो वर्गावर घेतो आणि बाकीचे शिक्षकाकडे न पाहता मुलांच्या वह्यांकडे पाहतात: कोण कोठे अडले, कोणी वेगळी रीत वापरली. फळा मध्येच पुसत नाहीत, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या उत्तरापर्यंतचा सगळा विचार मुलांसमोर राहतो. आमच्याकडे वर्गात कोणी मागे येऊन बसले की तपासणीच आली असे वाटते. ती धास्ती जायला बराच काळ लागला. आता अपूर्णांकांच्या भागाकारासारखे अवघड पाठ आम्ही मैत्रिणी असेच बसवतो. तेथील मुले वर्ग झाडतात, जेवण वाढतात, याचे मात्र मला फारसे नवल वाटले नाही. १९१९ साली येथून जवळच काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुले आपली कामे स्वतःच करीत, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

भूगोल शिक्षक, वाई

मुलगा युरोपात नोकरीला असल्यामुळे आइसलँड पाहता आले. थिंगवेलीर परिसरात उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकत आहेत, हे मी आजवर आकृतीवरूनच शिकवीत आलो होतो. तेथील काळा बेसाल्ट हातात घेतला तेव्हा मात्र मन सह्याद्रीकडे वळले, कारण आपला मुलूखही लाव्ह्याचाच आहे. फक्त तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून ज्वालामुखीचा पाठ मी पसरणी घाटाच्या परिसरात घेतो (वाहनांमुळे जागा जपून निवडावी लागते). कड्यांमध्ये थरावर थर दिसतात. सह्याद्रीत काही ठिकाणी अशा दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टाही असतो. म्हणजे एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत खडकाची झीज होण्याइतका काळ लोटला होता, हा तर्क मुले थोडे विचारताच स्वतः मांडतात. आइसलँडची छायाचित्रे मी आता सर्वांत शेवटी दाखवतो.

प्राथमिक शिक्षक, जत तालुका

फिनलंडमध्ये सक्तीचे शिक्षण साधारण सातव्या वर्षी सुरू होते, पाऊण तासाच्या पाठानंतर बहुधा पाव तासाची सुट्टी असते आणि वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते. यांपैकी सुट्टी तेवढी माझ्या हातात होती, ती मी दिली. मुले पुढच्या तासाला अधिक लक्ष देतात. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची, ही स्थिती तशीच ठेवून ‘फिनलंडसारखे शिकवा’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षणांचा मला वीट आला आहे, हे स्पष्टच लिहितो.

इंग्रजीचे अध्यापक, सांगली

फुलब्राइट शिष्यवृत्तीवर मी अमेरिकेत होतो. तेथील प्राध्यापक आठवड्यातील ठरावीक वेळ केवळ विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखतात आणि ती सत्राच्या आरंभीच लेखी कळवतात. परत आल्यावर मीही दुपारी उशिराची वेळ जाहीर केली, परंतु तासगाव, कवठे महांकाळकडच्या मुलामुलींना त्याच सुमारास एसटी गाठायची असते. वेळ सकाळी पहिल्या तासाआधीची केल्यावर विद्यार्थी येऊ लागले. अमेरिकेत बहुधा एकेकटा येतो. येथे घोळका येतो आणि एकीची शंका पुष्कळदा दुसरीच सोडवते, म्हणून मी एकेकट्याने येण्याचा आग्रह सोडून खोलीत दोन बाके वाढवून घेतली.