कथा वाचून सगळेच 'छान' म्हणतात. आता काय करू?

माणदेशी:
तीन वर्षं कथा लिहितोय. दिवाळी अंकांना पाठवतो, साभार परत येते, कधी तेवढंही नाही. घरी दाखवली तर बायको म्हणते छान, भाऊ म्हणतो एक नंबर. ऑफिसातल्या मित्राने तर अर्ध्या मिनिटात अंगठा पाठवला. नऊ पानं आहेत हो! आपल्यासारख्याच लिहिणाऱ्यांना दाखवून खरंच फरक पडतो, की नुसताच हिरमोड?

सुगरणीचा खोपा:
फरक पडतो, आणि हिरमोडही होतो. आम्ही चौघी नाशिकला महिन्यातून एका रविवारी जमतो. माझ्या कथेत लक्ष्मीपूजनाच्या रात्री नायिका गच्चीवर उभी, डोक्यावर टपोरा चंद्र. चांगलं पाऊण पान रंगवलं होतं. वाचून झाल्यावर एकजण हळूच म्हणाली, "अगं, अमावस्या ना त्या दिवशी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरच्या पाचजणांनी तीच कथा वाचली होती! चंद्र काढला. मग शेजारच्या बंद घराच्या उंबऱ्यावर नायिकेनेच नेऊन ठेवलेली पणती सुचली, आणि सगळी कथा त्या पणतीभोवती फिरली.
आमच्याकडे जिची कथा तिने वाचायची नाही, दुसरी मोठ्याने वाचते. ती अडखळली की समजायचं, वाक्य बिघडलंय. आणि चर्चा संपेपर्यंत लेखिकेने तोंड उघडायचं नाही. हे फार जड जातं बाई.

जुना खोडरबर:
पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हेही एकमेकांना कविता ऐकवायचेच की. पण एक सांभाळा. "इथे कंटाळा आला" असं कुणी म्हटलं तर निमूट ऐका; "नायकाला मारून टाक" म्हटलं तर चहा पाजून वाटेला लावा. शुद्धलेखनवाल्यांना अगदी शेवटी बोलवा, नाहीतर कथा राहते बाजूला आणि 'आणि'च्या वेलांटीवर तासभर जातो.

माणदेशी:
धीर करून ग्रंथालयात भेटणाऱ्या एका मास्तरांना दिली. ते कविता करतात. पहिल्याच पानावर 'आजी भाकरी लाटत होती' याला पेन्सिलीने गोल, बाजूला एकच शब्द: 'थापत'. जन्म गेला भाकरी खाण्यात! घरी सांगितलं, तर बायको म्हणते, "मला तेव्हाच दिसलं होतं. म्हटलं, तुम्ही रागवाल."