बायकोला एमएस आहे, शारीरिक संबंध जवळपास थांबलेत. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. मी चाळिशीला टेकलोय, बायको माझ्याहून थोडी लहान. काही वर्षांपूर्वी तिला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, मग पायांना मुंग्या, एमआरआय आणि निदान: मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस), म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. औषधं चालू आहेत. ती चालते, स्वयंपाक करते, त्यामुळे नातेवाइकांना वाटतं सगळं ठीक आहे.

इथे कुणी ओळखत नाही म्हणून लिहितोय. कमरेखाली तिला कधी बधिर वाटतं, तर कधी नुसता हात लागला तरी आग होते. काल जिथे बरं वाटलं तिथे आज नको होतं. कोरडेपणामुळे दुखतं. मध्येच लघवी होईल ही धास्ती असतेच. रात्री सगळं आवरेपर्यंत ती इतकी गळून जाते की बोलायचंही त्राण उरत नाही. त्यात आपला उन्हाळा! पारा 43 च्या पुढे गेला की तिचे पाय जड होतात, नजर धूसर होते. अंग निवलं की बरं वाटतं, पण आमची वरची पत्र्याची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

यातलं बरंच सोसता येईल. मला छळतंय ते वेगळंच. पायांना तेल लावणं, इंजेक्शन देणं, रात्री बाथरूमपर्यंत धरून नेणं हे सगळं मी करतो आणि मनापासून करतो. पण त्याच हातांनी जवळ घ्यायला गेलो की ती आक्रसते. तिला वाटतं, आता याला पुढचं हवंय आणि आपल्याला जमणार नाही. म्हणून मी बेताने वागतो, तर परवा म्हणाली, "तुम्ही आता फक्त गोळ्या द्यायला जवळ येता." काय उत्तर देणार?

पुण्याला डॉक्टरांकडे जातो तेव्हा आई सोबत असते, तिच्यासमोर हे विचारता येत नाही. यातून कुणी गेलं असेल तर सांगा, सुरुवात कुठून करायची?

प्रतिसाद

दादा, मला स्वतःला एमएस आहे, म्हणून लिहिते. वहिनींचं मन उडालेलं नाही. नसांमधून संदेशच नीट पोचत नाहीत, त्यामुळे शरीर साथ देत नाही. हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे.

रात्रीचा हट्ट सोडा. थकवा दिवसभर वाढत जातो, पहाटे अंगात जीव असतो आणि हवाही गार असते. आधी तास-दीड तास पाणी बेताचं, मग लघवीला जाऊन येणं. दिवसभर पाणी तोडू नका, सोलापुरात तर मुळीच नाही. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट जेली मिळते, ती वापरा. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, रबर फाटतं. पाय ताठरत असतील तर कुशीवर झोपून जास्त सोपं जातं.

आणखी एक. काही दिवस संबंध ठेवायचेच नाहीत असं दोघांनी ठरवा. नुसता हात फिरवा आणि त्यांनी सांगायचं, इथे बरं वाटतंय, इथे आग होतेय, इथे काहीच कळत नाही. पुढचं काही करायचं नाही हे आधीच ठरलेलं असलं की आक्रसणं कमी होतं. आम्हाला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहून द्या, फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. मन उदास राहतं म्हणून गोळी चालू असेल तर तीही लिहा, त्यातल्या काहींमुळे इच्छा कमी होते. मनाने मात्र बंद करू नका. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, वहिनींना तिथल्या बायकांशी बोलू दे.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि चिठ्ठी मीच लिहिते म्हणाली. पाय ताठरतात म्हणून ती बॅक्लोफेन घेते, त्याची वेळ पहाटेच्या हिशेबाने बदलता येईल का, हेही त्यात घालतोय. कुणी डॉक्टरांना असं विचारलंय का?