एनके-१ रिसेप्टर: दुसऱ्या डोसला कॅल्शियम गप्प, मग ‘आतून येणारा सिग्नल’ कुठे गेला?

अर्धवट_वक्र विचारते:

औषधशास्त्रात पीएचडी करतेय. आमच्या गटाचा विषय न्यूरोपेप्टाइड आणि वेदना. माझ्या वाट्याला सबस्टन्स पी (वेदनेची बातमी पोचवणारं पेप्टाइड) आणि त्याचा एनके-१ रिसेप्टर (पेशीवरचं त्याला पकडणारं प्रथिन) आलाय. मानवी रिसेप्टर घातलेल्या एचईके-२९३ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या), कॅल्शियम वाढलं की चमकणारा फ्लुओ-४ डाय, ९६ वेल (छोटे खळगे) असलेली प्लेट.

१० नॅनोमोलर सबस्टन्स पी टाकलं की कॅल्शियम झपकन वर जातं आणि थोड्या वेळात खाली येतं. दहा मिनिटांनी तोच डोस पुन्हा दिला तर रेघ जेमतेम हलते. गाईड म्हणतात, रिसेप्टर पेशीत ओढला गेला, विषय संपला. शेजारच्या टेबलावरचे पोस्टडॉक म्हणतात, विषय तिथेच सुरू होतो, आत गेलेला रिसेप्टर सिग्नल देतच राहतो. मग तो माझ्या प्लेटवर का दिसत नाही?

दुसरं म्हणजे ॲप्रेपिटंट, एनके-१ अडवणारं औषध. ते आधी देऊन सबस्टन्स पीचा डोस-प्रतिसाद कर्व्ह काढला तर तो समांतर उजवीकडे सरकायला हवा ना? माझा सरकतो थोडा, पण माथाच खाली बसतो. शिल्ड प्लॉट (अडवणारं औषध किती घट्ट बसतं ते काढायचा आलेख) काही जुळत नाही. औषध स्पर्धक आहे (सबस्टन्स पीशी जागेसाठी झगडतं) की नाही, काय लिहू?

आणि हा प्रश्न सेमिनारला हमखास येतो: एनके-१ बंद करून माणसाची वेदना कमी झालीच नाही, तर यात अजून शोधण्यासारखं काय उरलंय?

पेशीपालक:

रिसेप्टरवर आरोप ठेवण्याआधी पेप्टाइड तपासा. सबस्टन्स पी म्हणजे अकरा अमिनो आम्लं, पुढच्या टोकाला आर्जिनिन, लायसिन, म्हणजे धन प्रभार. काचेला आणि प्लास्टिकला छान चिकटतं. पातळ द्रावणं लो-बाइंड ट्यूबमध्ये करा, बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घाला. शेवटचं मेथिओनिन हवेत ऑक्सिडाइज होतं, म्हणून छोटे अलिक्वॉट (वेगळे भाग) करून गोठवा आणि उरलेलं परत गोठवू नका. आणि बाटलीवर सी-टोक (पेप्टाइडचं शेवटचं टोक) अमाइड आहे ना, ते बघा. ॲसिड रूप विकत आलं असेल तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

ऑर्गनबाथवाला:

पेशीपालक यांचं बरोबर आहे, पण पहिला डोस नीट येतोय म्हणजे पेप्टाइड जिवंत आहे. मी गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर शिकलेला माणूस. सबस्टन्स पी सापडलं तेही आतडं आणि मेंदूच्या अर्कातून, १९३१ साली, ऑयलर आणि गॅडम यांना. आतड्याचा तुकडा आकुंचन पावतो, सैल होतो, आणि तुम्हाला मिनिटंच्या मिनिटं बघत बसावं लागतं. प्लेट रीडरवर वाढलेल्या पिढीला हे बघत बसणं माहीत नाही, आणि तुमचे पहिले दोन्ही प्रश्न मला तरी वेळेचेच वाटतात.

आधी दुसरा डोस. एनके-१ मुख्यतः जीक्यू या आत सिग्नल नेणाऱ्या प्रथिनाला जोडलेला. त्यातून फॉस्फोलिपेज सी हे एन्झाइम, मग आयपी-३ हा निरोप्या रेणू, मग ईआरच्या (पेशीतल्या पडद्यांच्या जाळीच्या) साठ्यातून कॅल्शियम. म्हणजे उत्तर गप्प व्हायला दोन वेगळी कारणं असू शकतात: रिसेप्टर बधिर झाला, किंवा साठाच रिकामा आहे. गाईडनी पहिलं गृहीत धरलं. तपासायला एक वेल पुरे. एचईके पेशींना स्वतःचे पी२वाय रिसेप्टर (एटीपीने जागे होणारे) असतात, तेही त्याच वाटेने कॅल्शियम सोडतात. दुसऱ्या वेळी सबस्टन्स पीऐवजी एटीपी द्या. त्याला उसळी आली तर साठा भरलेला आहे आणि बधिरपणा एनके-१ पुरताच आहे. नाही आली तर बफरमधलं बाहेरचं कॅल्शियम बघा, त्याशिवाय साठा परत भरत नाही.

समजा बधिरपणा खरा निघाला. जीआरके ही एन्झाइमं रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट लावतात, बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं, जी प्रथिनाची जागा अडते आणि काही मिनिटांत रिसेप्टर पेप्टाइडसकट क्लॅथ्रिन प्रथिनाच्या पिशवीतून एंडोसोममध्ये (पेशीतल्या पुटिकेत) जातो. तुमचं फ्लुओ-४ जे दाखवतं ते पृष्ठभागावरचं पहिलं अर्धं मिनिट. पोस्टडॉक ज्याबद्दल बोलताहेत ते नंतरचं आहे: केंद्रकातलं ईआरके, पेशीद्रवातलं पीकेसी, सीएएमपी हे पुढचे सिग्नल, तेही बराच वेळ टिकणारे. २०१७ साली एका गटाने हे फ्रेट सेन्सर (सिग्नल बदलला की प्रकाश बदलणारे) वापरून दाखवलं. एंडोसायटोसिस (रिसेप्टर आत ओढला जाणं) अडवल्यावर उंदीर-घुशींच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींची लांबलेली उत्तेजनाही कमी झाली. कॅल्शियम डायवर हे शोधणं म्हणजे भलतंच यंत्र लावणं.

आणि आत गेलेला रिसेप्टर कायम आत राहत नाही. एंडोसोम आम्लधर्मी होतो, तिथलं ईसीई-१ एन्झाइम सबस्टन्स पी तोडतं, अरेस्टिन सुटतो, रिसेप्टर परत वर येतो. पहिला डोस धुऊन काढा आणि थांबण्याचा वेळ दहा मिनिटांवरून दोन तासांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत न्या, परतीचा वेग तुम्हालाच दिसेल. मला विचाराल तर तुमच्या प्रकरणातला सगळ्यात चांगला आलेख तोच होईल.

आता ॲप्रेपिटंट. माथा खाली बसला म्हणजे औषध अस्पर्धक, असं कृपा करून लिहू नका. ते रिसेप्टरवरून फार सावकाश सुटतं. कॅल्शियमचं शिखर येतं काही सेकंदांत. तेवढ्या वेळात अँटॅगोनिस्ट (अडवणारं औषध) जागा सोडतच नाही, मग सबस्टन्स पी कितीही ओता, व्यापलेले रिसेप्टर त्याला मिळत नाहीत. समतोल व्हायच्या आतच तुम्ही फोटो काढता. तोच प्रयोग आयपी-१ (आयपी-३ मोडून होणारं) मोजणाऱ्या ॲसेवर करा. लिथियम क्लोराइड टाकलं की आयपी-१ मोडत नाही, साचत जातं, आणि तासभर मोजता येतं. तिथे माथा वर सरकला तर तुमचं उत्तर मिळालं. पूर्ण नाही आला तरी घाबरू नका, पण शिल्ड प्लॉटचा हट्ट सोडा. तो समतोलाच्या गृहीतकावर उभा आहे.

तिसरी_प्लेट:

सेमिनारच्या प्रश्नाबद्दल. औषध मेंदूत पोचलंच नाही, ही पळवाट नाही. ॲप्रेपिटंट उलटीवर २००३ साली मंजूर झालं, आणि पेट स्कॅनमध्ये त्या डोसला मेंदूतले ९० टक्क्यांहून अधिक एनके-१ व्यापलेले दिसतात. मला प्राण्याचा फरक मोठा वाटतो. १९९१ चं पहिलं बिगर-पेप्टाइड अँटॅगोनिस्ट, सीपी-९६३४५, मानवी रिसेप्टरला घट्ट बसायचं आणि घुशीच्या रिसेप्टरला फारच सैल, कारण मोजक्या अमिनो आम्लांचा फरक. घुशीवर मोठे डोस देऊन मिळालेल्या ‘वेदनाशमना’तलं किती खरंच एनके-१ मुळे होतं, हा प्रश्न राहतोच.

ऑर्गनबाथवाला:

प्राण्याचा फरक मान्य, पण त्याने सगळं सुटत नाही. १९९७ चा सॅपोरिन या विषाचा प्रयोग आठवा. सबस्टन्स पीला ते विष जोडून घुशीच्या मज्जारज्जूत सोडलं. एनके-१ असलेल्या चेतापेशींनी ते रिसेप्टरबरोबर आत ओढलं आणि त्या मेल्या. इजेनंतर वाढणारी संवेदनशीलता खूपच उतरली, साधी वेदना मात्र तशीच राहिली. पुढच्याच वर्षी एनके-१ चं जनुक काढलेले उंदीर आले, त्यांच्यातला फरक त्यामानाने सौम्य होता. म्हणजे ती पेशी महत्त्वाची आहे, पण तिच्यापर्यंत बातमी एकट्या सबस्टन्स पीकडून येत नाही. ग्लुटामेट आहे, सीजीआरपी हे दुसरं पेप्टाइड आहे. एक दार लावलं तर बाकीची उघडीच.

शिवाय जुनी औषधं निवडली गेली ती पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर मोजून. एंडोसोमच्या आम्लात ती तेवढीच घट्ट बसतात का, हे तेव्हा कोणी विचारत नव्हतं. २०१७ च्याच कामात अँटॅगोनिस्टला कोलेस्टॅनॉल हा मेदासारखा रेणू जोडून एंडोसोमपर्यंत नेलं आणि प्राण्यांत वेदनाशमन जास्त वेळ टिकलं. माणसात ते चालेल, असा दावा मी करणार नाही. या क्षेत्रात प्राण्यांवरच्या यशाने आधीच बरेच पैसे बुडवलेत.

अर्धवट_वक्र:

एटीपीची वेल आज लावली. उसळी पूर्ण आली, म्हणजे साठा भरलेला आहे. आता परतीचा वेळ मोजते. एंडोसायटोसिस अडवायला डायन्गो-४ए (डायनॅमिन, म्हणजे पिशवी तोडून सुटी करणारं प्रथिन, अडवणारं औषध) चालेल का? फ्रिजमध्ये तेच आहे.

ऑर्गनबाथवाला:

चालेल, पण एकट्यावर विसंबू नका. डायनॅमिनची ही औषधं इतरही गोष्टी बिघडवतात. सोबत के४४ए (काम न करणारं) डायनॅमिन घातलेल्या पेशी ठेवा, आणि फक्त डीएमएसओची (औषध ज्यात विरघळवता त्याची) वेल विसरू नका. बीएसए असेल तर डायन्गो त्याला चिकटतं, त्यामुळे पूर्व-उपचार बीएसएशिवाय करा आणि सबस्टन्स पी देताना ते परत घाला. पेशीपालक रागावतील, पण इलाज नाही.

पेशीपालक:

रागावत नाही. मग सबस्टन्स पीची द्रावणं आयत्या वेळी करा, आधी करून ठेवू नका.