रोबोटिक सर्जरी: एक खांब बरा की सुट्या गाड्या?

उद्यमबागवाला: काकांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोटनं करायचं ठरतंय, म्हणून आठवडाभर हेच वाचत बसलोय. माझं मत दा विंची या रोबोटला. चारही हात एकाच खांबावरून येतात. व्हर्सियस आणि ह्यूगो या दुसऱ्या रोबोटांत प्रत्येक हाताची गाडी वेगळी. चार मशीनं चार ठिकाणी ठेवून लेव्हल जुळवणं म्हणजे काय, ते आम्हा बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपवाल्यांना विचारा! शिवाय पोटातल्या ज्या भोकातून हत्यार आत जातं, तो बिंदू हलता कामा नये, नाहीतर तिथली कातडी ओढली जाते. दा विंचीत तो हाताच्या जोडणीतच पक्का बसवलाय. व्हर्सियसमध्ये सॉफ्टवेअर सांभाळतं. सॉफ्टवेअर!

ओटीतली ताई: काय ओ दादा, तुमचं लोखंडाचं प्रेम उद्यमबागेतच राहू दे की. व्हर्सियसमध्ये हत्यार भोकात घालून आधी हलवून दाखवतात, त्यावरून हात तो बिंदू शिकतो. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, भूल द्यायचं मशीन, सी-आर्म (एक्स-रेचं मशीन), सक्शन मांडलं की माणसानं आडवं होऊन सरकायचं. तिथं तो खांब आणून उभा करून दाखवा. सुट्या गाड्या लागतील तेवढ्याच आत घ्यायच्या. आणि दा विंचीच्या कन्सोलमध्ये, म्हणजे जिथून रोबोट चालवतात तिथं, सर्जन डोकं खुपसून बसतात, आवाज स्पीकरमधून येतो. व्हर्सियस-ह्यूगोच्या उघड्या कन्सोलवर त्यांनी मान वळवली की आम्ही दिसतो. ओटीत उभं राहणाऱ्याला हा फरक लई मोठा.

उद्यमबागवाला: डोकं आत असलं की नजर भटकत नाही, आणि उघड्या कन्सोलवर लागणाऱ्या थ्रीडी चष्म्याची भानगडही नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या दा विंची ५ मध्ये तर हत्यारावरचा ताण सर्जनच्या हाताला जाणवायचीही सोय आहे.

खानापूरकर: बिलाचं कुणीच बोलेना! दा विंचीची हत्यारं ठरावीक वेळा वापरली की मशीनच ती नाकारतं, मग धार शिल्लक असो वा नसो. गुरुग्रामच्या एसएसआय मंत्रा या रोबोटचं नाव तरी घ्या. सुट्या गाड्या, उघडा कन्सोल, आणि आपल्या देशात बनलेलं.

ओटीतली ताई: मंत्रा खरंच विसरले. आणि दादांचं एक मान्य: गाडीचा कोन चुकला की दोन हात एकमेकांवर आदळतात, मग परत सगळी मांडामांड. पण दादा, काकांच्या सर्जननी त्यांच्याकडच्या रोबोटवर प्रोस्टेटची ऑपरेशनं किती केलीत, ते विचारलंत का?

उद्यमबागवाला: नाही ओ. गुरुवारी जायचंय, विचारतो. गाड्यांबद्दलचं मत मात्र तेच.