मदत हवी आहे: इंदूरच्या सराफ्यात बसून खायला जागा मिळेल का?

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन 2 रात्री इंदूरला आहोत, मुक्काम राजवाड्याजवळ. सराफ्यातली खाऊगल्ली सोनारांची दुकानं मिटल्यावर रात्री भरते, हे माहीत आहे. बाबांना गुडघ्यांमुळे 10 मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. आईला मधुमेह, त्यामुळे जलेबा, मावाबाटी आम्हीच खाऊ. मागच्या खेपेला छप्पन दुकान या इंदूरच्याच दुसऱ्या खाऊगल्लीत निवांत बसून खोपरा पॅटिस खाल्लं, छानच होतं. पण बाबांचा जीव अडकलाय गरमागरम तळलेल्या, वर जिरावण मसाला भुरभुरून लिंबू पिळलेल्या गराडूत (हा एक कंद). तो थंडीतच मिळतो, म्हणून तारीख बदलता येत नाही. हॉटेलात विचारलं, नीट सांगता आलं नाही. पार्सल नको, गार गराडूत मजा नाही. तर सराफ्यात गराडू आणि भुट्ट्याचा कीस बसून खाता येईल अशी जागा कुठे आहे, आणि कमी गर्दीत नेमकं किती वाजता पोचावं?